स्फटिकाला लावलेलं कुंकू

राग कालांतराने निवतो म्हणतात. माझा चाळीस वर्षांत निवलेला नाही, आणि तो निवावा असं मला वाटतही नाही.

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा लेझर प्रयोगशाळेत नोकरीला होते. आमच्याकडे हिरवा किरण देणारा एक परदेशी लेझर होता आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, हवा होता पिवळा. त्यासाठी दुसरा लेझर लागत नाही. हिरवा किरण योग्य स्फटिकातून जोरात सोडला की तो आतल्या अणूंना हादरवतो, त्यात स्वतःची थोडी ऊर्जा गमावतो आणि पिवळा होऊन बाहेर पडतो. रामन परिणाम म्हणतात तो हाच.

तो योग्य स्फटिक मी वाढवला. बेरियम नायट्रेट पाण्यात विरघळवायचं, साबुदाण्याएवढं बीज दोऱ्याला टांगायचं आणि ते पाणी रोज अगदी थोडंथोडं गार करत न्यायचं. घाई केली की स्फटिक गढूळ होतो. चार महिने मी रविवारीसुद्धा घाटकोपरहून दोन बस बदलून तापमान बघायला जात होते. आई म्हणायची, "एवढं लक्ष कुकरकडे दिलं असतंस तर एकदा तरी डाळ धड शिजली असती गं."

तयार झालेला स्फटिक मी कापला आणि तेलावर घासून आरशासारखा केला. पाण्यात वाढलेल्या या वस्तूला नंतर पाणी चालत नाही, ओलं बोट लागलं तरी तिचा पृष्ठभाग विरघळतो. पहिल्यांदा समोरच्या पुठ्ठ्यावर पिवळा ठिपका पडला तेव्हा खोलीत मी एकटीच होते. मला रडू आलं.

सरांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. त्यावर नाव एकट्या सरांचं. खाली आभारात शिपायाचासुद्धा उल्लेख होता, माझा नव्हता. मी विचारायला गेले.

"सर, स्फटिक मी वाढवलाय."

"अगं, स्फटिक आपोआप वाढतो," सर हसून म्हणाले. "तू पाणीच तर थंड केलंस ना?"

आयत्या बिळावरचे नागोबा मी बरेच पाहिले होते. बीळ आपोआप खणलं गेलं म्हणणारा हा पहिलाच.

पुढच्या आठवड्यात दिल्लीहून दोन अधिकारी प्रयोग बघायला आले. यंत्राला हळदकुंकू लागल्याशिवाय पाहुण्यांसमोर बटण दाबायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तबक तयार करणं अर्थातच माझ्याकडे, कारण प्रयोगशाळेत बाईमाणूस मी एकटी. मी कुंकू वाटीत पाणी घालून चांगलं ओलं केलं. सरांनी लेझरला बोट लावलं, वीजपुरवठ्याच्या पेटीला लावलं, टेबलाला लावलं आणि नारळाकडे वळले.

मी स्फटिकावरचं झाकण काढलं. "सर, याला राहिलं."

सरांनी तो स्फटिक कधी हातात धरला नव्हता. त्याला पाणी चालत नाही हे पुस्तकात त्यांनी वाचलं असणार, पण पुस्तक आणि पूजा यांची त्यांच्या डोक्यात कधी गाठ पडत नसे. त्यांनी किरण शिरतो त्याच तोंडावर ठसठशीत टिळा लावला. मग उजेड अडेल हे लक्षात येऊन खिशातला घामट रुमाल काढला आणि तो टिळा चोळून चोळून पुसला. माझे चार महिने माझ्या डोळ्यांदेखत विरघळत होते. मला थांबवता आलं असतं. मी नारळ सोलत उभी राहिले.

बटण दाबलं. टच्च असा आवाज झाला, हिरवा उजेड सगळ्या भिंतींवर फुटला आणि पुठ्ठ्यावर पिवळं काहीच आलं नाही. सरांनी तीनदा दाबलं. पाहुण्यांनी चहा घेतला आणि निघून गेले.

अहवाल सरांनीच लिहिला. त्यात एक वाक्य होतं की प्रयोग फसला, कारण स्फटिकात दोष होता, आणि तो स्फटिक कुमारी अमुक अमुक यांनी वाढवला होता. माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकही चूक न करता टाइप केलेलं. मी त्या पानाची एक प्रत मागून घेतली. ती अजून माझ्याकडे आहे.

"झालं ते झालं," सर म्हणाले. "आता लगेच दुसरा वाढवायला घे."

मी राजीनामा त्यांच्या टेबलावर ठेवला.

"त्यात काय सर," मी म्हटलं. "पाणीच तर थंड करायचंय."