वन्संनी निवडलेला जनरेटर

माझ्या नणंदेचा कुणावरच विश्वास नव्हता. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांची हयात गेली. मोडका पाना परत आल्याशिवाय नवा द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा. कामगार त्यांना मागून 'सीआयडी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं. लग्न केलं नाही. "आलेल्या प्रत्येक स्थळात कुठेतरी पाणी मुरत होतं," म्हणायच्या. कुठे, ते कधी सांगितलं नाही.

माझे यजमान गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो: वन्सं, मी आणि धाकटे दीर. भाऊजींची फुप्फुसं कामातून गेलेली. खाटेशेजारच्या ऑक्सिजनच्या यंत्रावर त्यांचा दिवस चाले. त्या वर्षी वीज सारखी जाऊ लागली. वीज गेली की यंत्र थांबे, आणि मग वन्सं राखीव ऑक्सिजन सिलिंडरच्या काट्यावर डोळे लावून बसत. शेवटी एकदा म्हणाल्या, "जनरेटर घ्यायचा. पण दुकानदाराच्या गोड बोलण्यावर नाही."

दुकानात त्यांनी त्या माणसाला घाम फोडला. यंत्रामागच्या पट्टीवरचा आकडा त्यांनी तळहातावर लिहून आणला होता.

"यंत्र, पंखा आणि फ्रिज, तिन्ही चालतील?"

"आरामात, मावशी."

"आरामात म्हणजे किती वॉट? फ्रिज सुरू होताना जास्त ओढतो, ते धरलंत का?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"हा सायलेंट घ्या. आवाजाचा त्रासच नाही."

"नाही कसा? एवढं लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

फुटपाथवर तो सुरू करायला लावला, त्यावर हीटर चालवून पाहिला, तेव्हा कुठे वन्संची मान हलली.

मेकॅनिकने बसवताना मागच्या अंगणात, घरापासून लांब जागा दाखवली. "इथेच चालवायचा, आजी. घराच्या जवळपाससुद्धा नाही. धूर आत जातो."

वन्संनी मला बाजूला ओढलं. "बघितलंस? नेमका कुंपणाशी! उचलून न्यायला बरा. याचं कुणाशीतरी साटंलोटं आहे."

"अहो वन्सं, तो धुराचं म्हणतोय."

"धूर काय, दिसतो की. आला तर बंद करू."

त्याच्या तोंडावर त्या 'बरं बरं' म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन परतले, तर जनरेटर मागच्या बंद व्हरांड्यात. त्याला चाकं होती, आणि वन्संना जिद्द. वर म्हणतात कशा, "माल आत, माणूस बाहेर. स्टोअरमध्ये कधी सुईसुद्धा गेली नाही माझी." व्हरांड्याचं दार भाऊजींच्या खोलीत उघडायचं. "ते लावलेलं असेल. शिवाय व्हरांड्याची खिडकी उघडी ठेवली आहे," म्हणाल्या. पुढे बोलायची सोय नव्हती.

त्याच आठवड्यात भर दुपारी वीज गेली. जनरेटर गुरगुरू लागला. धूर म्हणून दिसला नाही. वन्संची कॉलर ताठ. मी चहा केला आणि आम्ही दोघी भाऊजींच्या खोलीबाहेर पीत बसलो.

थोड्या वेळाने वन्संनी कप खाली ठेवला. "चहात काय घातलंस?"

"साखर."

"थट्टा नको. डोकं ठणकतंय, मळमळतंय. पावडर कुठून आणलीस?"

"नेहमीच्याच वाण्याकडची आहे. माझंही डोकं दुखतंय."

"म्हणजे त्या वाण्याने आपल्या दोघींनाही काहीतरी घातलंय!"

उजेडात चहा नीट बघायला त्या कप घेऊन समोरच्या अंगणात गेल्या. मी पुटपुटत मागोमाग. त्यांनी चहा हुंगला, ढवळला, बोटावर घेतला. मग एकदम थांबल्या.

"त्याला दिलास का?"

"भाऊजींना? नाही अजून. झोपलेत."

"या वेळेला?" कप त्यांच्या हातातून सुटला. "त्याने चहा घेतलेला नाही. मग तो कशाने झोपला?"

गुडघ्यांनी अधू झालेली ती बाई पळाली. पळता पळता दारं-खिडक्या धाडधाड उघडत गेली. भाऊजी हाकेला ओ देईनात. चादरीसकट ओढत आम्ही त्यांना अंगणात आणलं आणि सिलिंडरची नळी नाकाला लावली. माझ्या आरड्याओरड्याने शेजारी धावले. त्यांनीच जनरेटर बंद केला आणि गाडी बोलावली.

"जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नसतो, वास नसतो," डॉक्टर म्हणाले. "आणखी थोडा उशीर झाला असता तर..." भाऊजी शुद्धीवर येईपर्यंत वन्सं हॉस्पिटलच्या बाकावरून हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मेकॅनिकला बोलावलं. तो काही विचारणार, त्याआधीच म्हणाल्या, "कुठे ठेवायचा, ते तू सांग." त्याने खोल्यांत तो वायू ओळखणारे अलार्म लावले. त्यांचं बटण वन्संनी दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग त्या स्वतः जनरेटर ढकलत कुंपणापर्यंत गेल्या.

"आणि गेला चोरीला तर?" माझ्याने राहवलं नाही.

"नेऊ दे मेल्यांना," वन्सं म्हणाल्या आणि धापा टाकत भाऊजींचा डबा भरायला आत गेल्या.