गोठलेल्या चेहऱ्याला सांगितलेली बातमी

हे अजून कुणालाही ठाऊक नाही. नवऱ्यालाही नाही — आणि ऑफिसातलं बाकी सगळं तर मी त्याला रोज जेवताना ऐकवते. तुम्हाला सांगतेय. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

मी मेलबर्नमध्ये तयार जेवण विकणाऱ्या एका कंपनीत भाजीची खरेदी बघते. वेरिबीच्या पुढे, समुद्राला लागून, फ्लॉवरची शेतं आहेत. त्यातलं एक व्हिन्सचं. सत्तरीचा, लहानपणी इटलीहून आलेला, आडमाप हातांचा माणूस. दर वर्षी रोपं लावायच्या आधी मी त्याच्याकडे जायचे. बांधावर उभं राहून किती लावायचं ते ठरायचं, हात मिळवले की झालं — कागद नंतर. सकाळचं धुकं असायचं, मातीला खारा वास. व्हिन्स आधीच्या पिकातला एक गड्डा कापून, ‘घे, लव्ह’ म्हणत माझ्या हातात द्यायचा — इथली म्हातारी माणसं पोरीबाळींना असंच म्हणतात — आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. अजूनही दुपारी डोळा लागला की ते धुकं येतं. मी त्यातून चालत असते, पाय ओले, कुठे पोचायची घाई नाही. आणि इतकं बरं वाटत असतं!

मग कंपनीनं ठरवलं, फ्लॉवर दुसरीकडून घ्यायचा. व्हिन्सला सांगायचं काम माझं. ट्रुगानिनातल्या माझ्या घरापासून त्याचं शेत गाडीनं अर्ध्या तासावर. गेले का? नाही. म्हटलं, यंदा व्हिडिओ कॉलवरच बोलू, हल्ली सगळे तेच करतात. खरं कारण? त्याच्यासमोर उभं राहून हे बोलायची माझी छाती नव्हती.

कॉलला तो केस विंचरून बसला होता. बघून मला भरून आलं. हवापाण्याचं झालं, मी विषयाला हात घातला — आणि त्याचं चित्र गोठलं. तोंड अर्धवट उघडं, हसरं. आवाज बंद.

मला ते दिसत होतं. हेच तर सांगायचंय. त्याला काही ऐकू जात नाहीये हे मला कळत होतं, तरी मी बोलत राहिले. त्या हसऱ्या चित्राला मी सगळं नीट सांगितलं, अगदी मऊ आवाजात. आभारसुद्धा मानले. समोर कुणाचा चेहरा पडला नाही. किती सोपं गेलं, म्हणून सांगू! चित्र हलायच्या आत मी कॉल बंद केला आणि ‘आपलं बोलणं झाल्याप्रमाणे’ असा ईमेल टाकला. व्हिन्स ईमेल उघडत नाही, हे मला माहीत होतं.

त्यानं रोपं लावली. आमच्यासाठी, दर वर्षीइतकीच. मी तिकडे फिरकले नाही — चोराच्या मनात चांदणं. एका फोनचं काम होतं. रोज म्हणायचे, उद्या करते. उद्या नक्की.

शेवटी त्याचाच फोन आला, ट्रक कधी पाठवतेस? पीक तयार होतं. पुढे ते सगळं नांगराखाली गेलं.

त्या फोनवर मी म्हणाले, “पण व्हिन्स, आपलं कॉलवर बोलणं झालं होतं ना?”

तो म्हणाला, “सॉरी, लव्ह. माझे कानच गेलेत हल्ली. चूक माझीच.”

त्यानं माझी माफी मागितली. आणि मी — मी म्हणाले, “नो वरीज, व्हिन्स.”