वीतभर मागे

आमच्या वसईतल्या फोटोग्राफरने नवीकोरी मोठी झूम लेन्स घेतली, पण तिचा ऑटोफोकस माणसाच्या वीतभर मागेच बसायचा. मी म्हटलं, "अरे, दुरुस्तीला टाक की." तर म्हणाला, "नव्या लेन्सला हात कशाला लावायचा? माणसं सरतात ना!"

मग फोकस धरून तो लग्नात ओरडायचा, "सगळे वीतभर मागे!" नवरा-नवरी सरायची, वऱ्हाड सरायचं, फादरसुद्धा झगा सावरत सरायचे.

आईच्या मयताला आम्ही फोटोसाठी पेटीभोवती उभे राहिलो. त्याने कॅमेरा उचलला आणि सगळे रडता रडता सवयीने मागे सरलो. आई तेवढी जागच्या जागी.

तो ओरडला नाही. आम्हाला खुणेनेच पुन्हा पेटीजवळ बोलावलं, फोकस धरला आणि पहिल्यांदाच स्वतः वीतभर मागे सरला.