दोनदा बंद झालेला टीव्ही

गयाआक्का गेली त्याला आता दीड महिना होत आला, पण मला अजून खरं वाटत नाही. त्या दुपारी चारला मी गल्ली ओलांडून तिच्या दारात गेले आणि नेहमीसारखं म्हटलं, "आक्का, चहा टाकू का?" ती दाराजवळच्या पलंगावर भिंतीला टेकून बसलेली. डोळे अर्धे उघडे, रिमोट मांडीवर. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलंसुद्धा. साखरेचा डबा कुठं ठेवला म्हणून विचारलं, उत्तर आलं नाही... तेव्हा वळून बघितलं. हात अजून कोमट होता. मला रडूच येईना. मी आधी गॅस बंद केला, एवढंच आठवतं.

आमची ओळख बजाजनगरातली, तीस वर्षांची. दोघींचे मालक एकाच कंपनीत, एकाच पाळीला. तिचं माहेर अजिंठ्याकडचं, बोलणं तसंच तोडून टाकल्यासारखं. माझं नाव विमल, पण तिच्या तोंडी कायम इमल. शाळा माझी चौथीत सुटली, पुढचं वाचन पोरांच्या पुस्तकांवर झालं. आक्काची शाळा सातवीपर्यंत झालेली, त्याचा तोरा ती शेवटपर्यंत मिरवायची. आमच्या गल्लीत दार समोर दार, मधून एक स्कूटर जाईल एवढीच जागा. एका दसऱ्याला आम्ही एकाच दुकानातून एकाच कंपनीचे दोन टीव्ही आणले. माझा दारासमोरच्या भिंतीवर लागला, तिचा आतल्या बाजूला.

मग दुष्काळाची वर्षं आली. घरातलं एकूण एक भांडं भरून ठेवायचं, पातेली, डबे, पोरांच्या टिफिनची झाकणंसुद्धा. अशाच एका भरलेल्या बादलीत आक्काच्या टीव्हीचा रिमोट पडला आणि मेला. छतावर डिश नुकतीच बसवलेली, पण डिशच्या रिमोटवर नुसते चॅनल बदलायचे. टीव्ही चालू करायला आक्का स्टुलावर चढायची. डिशवाला म्हणाला, हाच रिमोट टीव्हीसुद्धा चालवील, फक्त त्याला शिकवावं लागतं, आणि शिकवायला टीव्हीचा चांगला रिमोट पाहिजे. मी माझा घेऊन गेले. तो करायला लागला तर आक्कानं त्याच्या हातातून काढून घेतला. म्हणाली, तुम्ही नुसतं सांगा, मी सातवी शिकलेली आहे. दोन्ही रिमोट चटईवर तोंडाला तोंड लावून ठेवले. डिशच्या रिमोटवरचं बटण लाल दिवा लागेपर्यंत दाबून धरायचं, मग जे शिकवायचं ते बटण दाबायचं, मग माझ्या रिमोटवरचं तेच बटण. दिवा दोनदा लुकलुकला की शिकला. पहिल्या वेळी तिनं बंद करायच्या जागी आवाज वाढवायचं शिकवलं, टीव्ही नुसता ओरडायला लागला. तिसऱ्या वेळी जमलं. "घे इमल," म्हणाली, "तुझ्या रिमोटला चेला मिळाला."

त्या गडबडीत एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. चेला माझाही टीव्ही चालवू शकत होता.

दोन दिवस माझा टीव्ही मधेच बंद पडायचा. मालक म्हणाले, व्होल्टेज. मी टीव्हीला दोन थापडा मारल्या, देवापुढं उदबत्ती लावली. तिसऱ्या दिवशी सहज वळून बघते तर आक्का तिच्या उंबऱ्यात पदर तोंडात कोंबून हसतेय, हातात रिमोट. मी लई शिव्या दिल्या. पण तिनं त्यातून कायदाच काढला. टीव्ही एकदा बंद झाला म्हणजे चहा. दोनदा झाला म्हणजे टँकर, हातातलं टाकून ये. टँकर वळणावर दिसला की ती हाक मारायची नाही, हाकेनं सगळी गल्ली जागी होते. माझी सिरीयल गुल व्हायची, मी चालू करायची, पुन्हा गुल, की घागर उचलून मी पळत सुटायची. त्या वर्षांत आमच्या घागरी नेहमी पुढं असायच्या, आणि बायकांना शेवटपर्यंत कळलं नाही कशा.

पुढं पाऊस झाला, टँकर बंद झाले, गल्लीतल्या घरांवर मजले चढले. आमचे दोघींचे मालक गेले. तिच्या मुलानं, संतोषनं, करमाडकडं फ्लॅट घेतला. चोवीस तास पाणी, लिफ्ट, सगळं. तो दर रविवारी न्यायला यायचा. ती म्हणायची, "तिथं मी कुणाचा टीव्ही बंद करू?"

आता जे सांगायचं ते सांगते. त्या दुपारी तीनच्या सुमाराला माझा टीव्ही बंद झाला. मी म्हटलं, चहाला अजून वेळ आहे, थांब जरा. चालू केला. तो पुन्हा बंद झाला. मला हसू आलं. म्हटलं, म्हातारीला आज कुठला टँकर दिसला... मी परत चालू केला आणि सिरीयल संपेपर्यंत बघत बसले. वळूनसुद्धा बघितलं नाही. त्यानंतर तो बंद झाला नाही.

डॉक्टर म्हणाले, अशात काही करता येत नाही. पण डॉक्टरांना दोनदा म्हणजे काय ते कुठं माहीत? महिनाभर मी हे पोटात ठेवलं. इथं लिहायच्या आधी संतोषला बोलावून सगळं सांगितलं. "काकू, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं," असं त्यानं म्हटलं नाही, ते बरंच केलं. म्हणाला, "तिनं मला फोन नाय केला काकू. फोन उशाशीच होता. तिनं तुम्हालाच बोलवलं." आणि रिमोट माझ्या हातात देऊन, घराला कुलूप लावून गेला.

रिमोट माझ्या कपाटात आहे. मी तो दाबत नाही.

परवा दुपारी लाईट गेली, आली, आणि परत गेली. टीव्ही दोनदा बंद झाला. नंतर कळलं तेव्हा मी अनवाणी, भर उन्हात, गल्लीच्या मधोमध उभी होते. हातात रिकामी घागर, समोर कुलूप.