नातवाच्या वरातीचा क्लॅरिनेट

यवतमाळात बँडवाल्यांची एक गल्ली आहे. एकाला लागून एक दुकानं, दारात टांगलेले झगमगीत कोट, आणि गिऱ्हाईक आलं की रस्त्यावरच वाजवून दाखवायची पद्धत. एकानं सुरुवात केली की समोरचा हातातला चहा ठेवून ढोल बडवायला लागतो. भाजीला निघालेले लोक पिशव्या घेऊन तिथंच उभे राहतात.

मुलाच्या लग्नाची सगळी कामं मी वाटून दिली होती. बँड मात्र स्वतःकडे ठेवला, कारण सासूबाई. त्यांच्या लग्नाच्या तोंडावर घरात मरण झालं, म्हणून त्या वाजंत्रीविना सासरी आल्या. आता नातवाच्या वरातीत क्लॅरिनेट हवा, आणि तो चांगलाच हवा, असा त्यांचा हुकूम होता. त्यांना ऐकू कमी येतं, पण हुकूम मोठ्यानं देतात.

मी रीतसर तीन दुकानं पाहिली. कोटांची बटणं, बुटांचं पॉलिश, दिव्यांच्या वायरी, सगळं तपासलं. तिसऱ्या दुकानात क्लॅरिनेट ऐकून मी गंभीरपणे म्हणाले, "दुसऱ्यापेक्षा दम कमी आहे."

वाजवणाऱ्यानं टोपी काढली. "बाई, दुसराबी मीच होतो. पयलाबी. कवापासून कोटच बदलून राह्यलो."

मालक हसून हसून खाली बसला. "गल्लीत चांगला क्लॅरिनेट हा एकच हाय. ज्याले पाहिजे तो घेऊन जाते."

बटणं पाहताना मी माणसाचं तोंड काही पाहिलं नव्हतं. तोच क्लॅरिनेटवाला हवा, असं सांगून मी बँड ठरवला.

लग्नाच्या दिवशी सकाळी त्याची बाभुळगावात एक वरात होती. आमची निघायची वेळ झाली. बँड आला, घोडी आली, तो नाही. सासूबाईंनी रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकली.

"आई, उठा ना. मुहूर्त टळेल."

"टळू दे. तो आल्याबिगर घोडी हलनार नाही."

"आजी, माये पाय दुखून राह्यले," घोडीवरून मुलगा ओरडला.

"मंग उतर!" एवढं मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं.

शेवटी तो कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आला, अंगात बाभुळगावच्या बँडचा हिरवा कोट. मालक कोटावरून ओरडायला लागला.

"कोट राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "वाजवा."

त्यानं वाजवायला घेतलं. सासूबाईंनी हातानं खूण केली, जवळ या. आणखी जवळ. शेवटी क्लॅरिनेटचं तोंड त्यांच्या कानाशी आलं. त्यांनी डोळे मिटले आणि बसल्या जागी मान डोलवायला लागल्या. ढोलवाले, झांजवाले सगळे खुर्चीभोवती जमले. पाहुणेही तिथंच नाचायला लागले. खुर्चीच्या कडेनं वाट मोकळी झालेली पाहून घोडी चालू लागली.

मुलगा जवळजवळ एकटाच मंडपाच्या दारात पोचला. नवरीच्या मामानं विचारलं, "अहो जावईबापू, बँड कुठं हाय?"

"थांबा जरा," तो म्हणाला. "आजीची वरात येऊन राह्यली."