काळा पिक्चर, पांढरा घोडा

काल मोबाईलवर जादूचा सिनेमा बघताना पोरगी वैतागली, "पप्पा, ब्राइटनेस फुल हाय तरी काही दिसून न्हाई राहिलं!" आणि मला हिंगोलीच्या टॉकीजमधली एक दुपार आठवली.

अशाच एका जादूच्या सिनेमाच्या पहिल्या भागातल्या उडत्या पांढऱ्या घोड्याचं कौतुक मी वडलांना वर्षभर ऐकवलं होतं. म्हणून दुसऱ्या भागाला, शेळ्या शेजाऱ्याच्या हवाली करून, त्यांना आणलं, तर पडद्यावर नुसता काळोख! लोक ऑपरेटरवर ओरडले, "बल्ब बदल!" तो चिडून बाहेर आला, "पिक्चरच काळा हाय, मी काय करू?" घोडा तर दहा मिनिटांतच मेला होता.

बाहेर उन्हात डोळे चोळत वडील म्हणाले, "तू सांगायचा तोच घोडा बरा व्हता." तेव्हा मी त्यांच्यावरच चिडलो.

काल मात्र पोरीच्या हातातला मोबाईल बंद केला आणि तिला घोडा सांगायला बसलो.