दोन पाइप

आमच्या अकोट्याच्या सोसायटीत वायरिंग करायला आलेल्या त्या गुजराती माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याचा इतका संताप यायचा, की नाव विचारायचं राहूनच गेलं. हात मात्र देखणा. चिकटपट्टी दातात धरून, वेणी घालायच्या आधी केस विंचरावेत तशा तो वायरी बोटांनी सरळ करायचा. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी रोज बजावायचो, "आगीच्या अलार्मची वायर वेगळ्या पाइपातून ने. पाण्याच्या मोटरीच्या वायरीबरोबर अजिबात नको."

"काका, भिंतीवर दोन पाइप चांगले नाही लागत ने," म्हणत त्याने सगळ्या वायरी एकाच पाइपात कोंबल्या.

झालं! मोटर सुरू झाली की अलार्म कोकलायचा. मी फोन करकरून थकलो, त्याचं आपलं "काले आवुं छुं, काका." तो 'उद्या' काही उगवायचा नाही. शेजाऱ्यांना मात्र ती सोयच वाटू लागली. अलार्म वाजला म्हणजे पाणी आलं!

मग एका दुपारी त्याच पाइपातून धूर निघाला. अलार्म वाजला, पण जिना कोणीच उतरलं नाही. वॉचमनला धूर दिसला आणि त्याने मेन स्विच पाडला, म्हणून वाचलो.

संध्याकाळी तो वायरिंगवाला आला. जळक्या वायरींचा झुबका हातात धरून, जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "पण काका, वाजला तर होता ने?"

वाजला होता. सगळ्या मजल्यांवर आम्ही नळाखाली बादल्या लावल्या होत्या.